"हे काम मी सांगितलंच नव्हतं!" जादा कामाचं बिल अडकलं तर काय करायचं, आणि अडकू नये म्हणून काय करायचं



प्लंबिंग, वायरिंग, रंगकाम, वॉटरप्रूफिंग, सुतारकाम, एसी दुरुस्ती. यातलं कुठलंही काम तुम्ही करत असाल किंवा सुरू करायच्या विचारात असाल, तर एक वाक्य कधी ना कधी तुमच्या कानावर पडणारच: "पण हे काम मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

काम झालेलं असतं. मटेरियल स्वतःच्या खिशातून आणलेलं असतं. हेल्परचा रोज देऊन झालेला असतो. आणि ग्राहक बिलावर बोट ठेवून म्हणतो, "एवढे पैसे मी देणार नाही." व्हिडिओमध्ये आपण हा विषय थोडक्यात पाहिला. इथे तो सविस्तर, आकड्यांसह पाहू. व्हॉट्सॲपवर पाठवायचे मेसेजही खाली दिले आहेत, ते सरळ कॉपी करून वापरा.

आधी एक उदाहरण

समजा, पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत तुम्ही प्लंबिंगचं काम घेतलं. ठरलं होतं ते असं: संडासातली फ्लशची टाकी आणि दोन अँगल कॉक बदलायचे, मटेरियलसह ६,८०० रुपये. मॅडमनी फोनवर होकार दिला आणि त्या ऑफिसला गेल्या. घरी सासूबाई होत्या.

जुना कॉक खोलताना कळलं की भिंतीतला जीआय पाईप गंजून भुगा झालाय. तुम्ही टाईल्स फोडल्या, १२ फूट नवा सीपीव्हीसी पाईप टाकला, टाईल्स परत बसवल्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मटेरियल ३,९००, मजुरी ३,५००. म्हणजे ७,४०० रुपये जादा. जाता जाता किचनचा नळ गळताना दिसला, तोही बदलून टाकला. नळ १,५००, मजुरी ८००. आणखी २,३००.

संध्याकाळी बिल गेलं १६,५०० रुपयांचं. मॅडम म्हणाल्या, "मी ६,८०० ला हो म्हटलं होतं. तेवढेच देईन."

आता खरं सांगा, इथे कोण चुकलं?

तुम्ही म्हणाल, "पाईप खरंच खराब होता. काम चोख केलं. बाजारभावानेच पैसे लावले." सगळं मान्य. पण ग्राहकाच्या जागेवर बसून बघा. त्यांच्या महिन्याच्या खर्चातून ९,७०० रुपये वळवायचा निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतला. कदाचित त्यांनी दोन महिने थांबून पूर्ण बाथरूमच नवं केलं असतं. कदाचित दुसऱ्याकडून भाव काढला असता. कदाचित "करा" असंच म्हटलं असतं. पण तो निर्णय त्यांचा होता. रागाचं मूळ इथे आहे. काम कितीही चांगलं असलं तरी न विचारल्याची भरपाई त्यातून होत नाही.

कायदा काय म्हणतो?

इथे दोन टोकाचे गैरसमज आहेत. कारागिरांना वाटतं, "काम केलंय म्हणजे पैसे मिळालेच पाहिजेत." ग्राहकांना वाटतं, "मी सांगितलं नाही म्हणजे एक रुपयाही द्यायचा नाही." दोन्ही अर्धवट आहेत.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. करार म्हणजे एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याची स्वीकृती. ६,८०० च्या कामात दोन्ही आहे, त्यामुळे त्याबद्दल प्रश्नच नाही. ९,७०० च्या कामात प्रस्तावच गेला नाही, मग स्वीकृती कुठून येणार? म्हणजे त्या रकमेवर "आपलं ठरलं होतं" असा दावा तुम्हाला करता येत नाही.

पण याच कायद्यात कलम ७० आहे. ते सोप्या भाषेत असं: तुम्ही दुसऱ्यासाठी काही काम कायदेशीरपणे केलं, ते फुकट करायचा तुमचा हेतू नव्हता, आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा किंवा वस्तू परत करायला हवी. कायद्यातच याची उदाहरणं दिली आहेत. दुकानदाराने चुकून कोणाच्या घरी माल ठेवला आणि घरमालकाने तो आपलाच समजून वापरला, तर त्याला पैसे द्यावे लागतात. पण कोणी शेजाऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवली आणि परिस्थितीवरून ते मदत म्हणूनच केलं असं दिसत असेल, तर त्याला मोबदला मागता येत नाही.

या कलमावरचा गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला: पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स. निकाल लिहिला आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. ठेकेदाराने सरकारी खात्यासाठी बांधकामं केली होती. ज्या अधिकाऱ्यांनी ती सांगितली, त्यांना तसा करार करायचा अधिकार नव्हता. करार टिकला नाही, पण सरकारने ते बांधकाम स्वीकारलं आणि वापरलं, म्हणून ठेकेदाराला पैसे मिळाले. त्याच निकालात दुसरी बाजूही स्पष्ट केली आहे: समोरच्याला ते काम नाकारायची मोकळीक असते. त्याने स्वखुशीने स्वीकारलं किंवा उपभोगलं तरच जबाबदारी येते. म्हणजे काम कोणाच्या गळ्यात मारून पैसे वसूल करायचा हा मार्ग नाही.

आता आपल्या धंद्यातली अडचण बघा. दुकानदाराचा माल परत देता येतो. भिंतीत गाडलेला पाईप परत कसा देणार? ग्राहक म्हणेल, "मी वापरतोय कारण दुसरा पर्यायच ठेवला नाहीत." त्यामुळे कलम ७० वर भरवसा ठेवून काम करू नका. ते पडल्यावर हात देणारं कलम आहे, आणि तिथेही मिळतो तो वाजवी मोबदला. तुम्ही बिलात लिहिलेला आकडा जसाच्या तसा मिळेल असं नाही.

ग्राहक काय करू शकतो?

हे माहीत असलं पाहिजे, घाबरण्यासाठी नाही, तर बोलणी शांतपणे करण्यासाठी.

- ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पैसे दिलेला आणि पैसे द्यायचं कबूल केलेला, दोघेही ग्राहक. बिल थकलंय म्हणून त्याचा तक्रारीचा हक्क जात नाही.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. फोन केला की तक्रार नोंदवली जाते.
- जिल्हा ग्राहक आयोगात तो आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची.
- सेवा देऊन बिल किंवा पावती न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. "बिल कशाला, रोखीत द्या" ही सवय असेल तर आजच सोडा.

आणखी एक. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. वादात सापडलेल्या बिलावर असा खोटा कर दिसला, तर उरलेल्या खऱ्या रकमेवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

बिलाचे तीन ढीग करा

वाद झाला की बहुतेक जण पूर्ण बिलावर अडून बसतात. तुम्ही १६,५०० म्हणता, ते ६,८०० म्हणतात, आणि मग आवाज चढतो. त्याऐवजी कागद घ्या आणि बिल फोडा.

*पहिला ढीग: ठरलेलं काम.* ६,८००. ग्राहकालाही हे मान्य आहे. ही रक्कम आधी घ्या आणि पावतीवर लिहा: "ठरलेल्या कामाचे पूर्ण पैसे मिळाले. जादा कामाची रक्कम चर्चेत." अनेकांना वाटतं कमी रक्कम घेतली तर उरलेल्यावर पाणी सोडावं लागेल. हे वाक्य लिहिलंत तर पावतीचा तसा अर्थ कोणी काढणार नाही.

*दुसरा ढीग: न विचारता केलेलं, पण गरजेचं काम.* पाईपचे ७,४००. इथे तुमच्याकडे गंजलेल्या पाईपचा तुकडा आहे का? फोडण्याआधीचे, फोडल्यावरचे फोटो आहेत का? मटेरियलची दुकानाची पावती आहे का? या तीन गोष्टी असतील तर बोलणीला जागा आहे. योग्य प्रस्ताव असा: मटेरियल खरेदीच्या भावात, ३,९००. मजुरी अर्धी, १,७५०. एकूण ५,६५०. अर्धी मजुरी ही न विचारल्याची किंमत, ती तुम्ही सोसायची.

*तिसरा ढीग: न विचारता केलेलं आणि गरज नसलेलं काम.* किचनचा नळ. ठरलेल्या कामाशी त्याचा संबंध नाही, घाईही नव्हती. इथे वाद घालू नका. दोन पर्याय द्या: "जुना नळ परत बसवून देतो, एक रुपया घेणार नाही. किंवा नवा ठेवायचा असेल तर फक्त नळाचे १,५०० द्या." पण हे बोलायला जुना नळ तुमच्याकडे हवा. काढलेला कुठलाही भाग ग्राहकाला दाखवल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय भंगारात टाकू नका. तो ग्राहकाचा माल आहे आणि तुमचा पुरावाही.

हिशोब करू: ६,८०० + ५,६५० + १,५०० = १३,९५०. तुमचे २,५५० रुपये गेले, तेही मजुरीतले. मटेरियलचा एकही पैसा अंगावर आला नाही. आणि त्या सोसायटीत तुमचं नाव राहिलं. त्याच इमारतीत इतरांचे पाईपही तेवढेच जुने आहेत, हे विसरू नका.

बोलणीचा मेसेज

फोनवर भांडण वाढतं. समोर बसून बोला, आणि नंतर हे लिहून पाठवा:

"नमस्कार मॅडम. आज बोलल्याप्रमाणे: ठरलेलं काम ६,८०० रुपये, मिळाले. पाईपचं जादा काम करण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. त्यामुळे मटेरियल खरेदीच्या भावात आणि मजुरी निम्मी धरून ५,६५० रुपये. दुकानाची पावती आणि जुन्या पाईपचे फोटो सोबत पाठवतोय. किचनचा नळ: जुना फुकट परत बसवतो, किंवा नवा ठेवल्यास फक्त १,५०० रुपये. तुमचा निर्णय रविवारपर्यंत कळवा."

यात कुठेही धमकी नाही, रडगाणं नाही. उद्या हा मेसेज तिसऱ्या माणसाने वाचला तर त्याला तुम्ही सरळ माणूस वाटाल. लिहिताना हीच कसोटी लावा.

तरीही जमलं नाही तर? केलेल्या कामाच्या पैशासाठी साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो. पण सात-आठ हजारांसाठी कोर्टाच्या किती चकरा मारायच्या, हा धंद्याचा प्रश्न आहे. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे दावा दाखल करण्यापूर्वीच प्रकरण लोक अदालतीत ठेवता येतं. तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते. रक्कम मोठी असेल तर आधी वकिलांचा सल्ला घ्या.

या चार गोष्टी चुकूनही करू नका

१. बसवलेला नळ, पाईप, पंखा परत काढून आणायला जाऊ नका. परवानगीशिवाय घरात शिरलात तर बिलाचा वाद पोलीस स्टेशनला पोहोचतो.

२. पाणी किंवा वीज बंद करून पैसे मागू नका.

३. सोसायटीच्या ग्रुपवर ग्राहकाची बदनामी करू नका. दोन लोकांना ग्राहक चुकीचा वाटेल, बाकीच्या अठ्ठ्याण्णव लोकांना तुमची भीती वाटेल.

४. दुकानात दुरुस्तीला आलेली वस्तू वाट्टेल त्या बिलासाठी अडवू नका. करार कायद्याच्या कलम १७० नुसार मोटर, मिक्सर अशी वस्तू दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत ठेवून घेता येते, पण ज्या कामासाठी ती दिली होती त्या कामाच्या पैशापुरतीच. सांगितलं होतं बेअरिंग बदलायला आणि तुम्ही वाइंडिंगही केलंत, तर वाइंडिंगच्या पैशासाठी मोटर अडवणं अंगाशी येईल.

आता मुख्य धडा: जादा कामाची मंजुरी

वरचं सगळं वाद झाल्यावरचं. खरी कमाई वाद होऊ न देण्यात आहे, आणि त्याला दोन मिनिटं लागतात.

*पायरी १: एस्टिमेट की कोटेशन, ते लिहा.* एस्टिमेट म्हणजे अंदाज, कोटेशन म्हणजे पक्का भाव, असं आपण समजतो. ग्राहक तसं समजेलच असं नाही. म्हणून सरळ लिहा: "हा पक्का भाव आहे" किंवा "हा अंदाज आहे, फरक पडला तर आधी विचारू."

*पायरी २: काय धरलेलं नाही, तेही लिहा.* "भिंत किंवा टाईल फोडावी लागली, आतला पाईप किंवा वायर खराब निघाली, तर त्याचा खर्च वेगळा. तो आधी सांगून, मंजुरी घेऊनच करू." जुन्या घरात हे वाक्य नसेल तर काम घेऊच नका.

*पायरी ३: किरकोळ खर्चाची मर्यादा ठरवा.* वॉशर, टेफ्लॉन टेप, स्क्रू यासाठी दर वेळी फोन केला तर ग्राहकही वैतागतो. म्हणून आधीच विचारा: "५०० रुपयांपर्यंतचं किरकोळ सामान न विचारता लावलं तर चालेल का?" चालेल म्हटलं की तेही लिहून ठेवा.

*पायरी ४: हो म्हणायचा अधिकार कोणाला, ते ठरवा.* आपल्या उदाहरणात सासूबाईंनी "योग्य वाटेल ते करा" म्हटलं, पण पैसे देणार होत्या सूनबाई. भाडेकरूने बोलावलं, पण बिल घरमालकाला जाणार. सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर उभं राहून म्हणाले, "आलाच आहात तर ती भिंतही करून टाका." सोसायटीच्या उपविधींमध्ये दुरुस्तीवर समितीने स्वतःच्या अधिकारात किती खर्च करायचा याला मर्यादा असते; त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सेक्रेटरी बदलले की "आम्हाला काही माहीत नाही" हे ऐकावं लागतं. कामाच्या पहिल्याच दिवशी विचारा, "जादा काही निघालं तर कोणाला विचारू?" नाव आणि नंबर कोटेशनवर लिहा. सोसायटी असेल तर लेखी पत्र घ्या.

*पायरी ५: काम थांबवा, फोटो काढा, मेसेज पाठवा.* हा नमुना:

"नमस्कार मॅडम. अँगल कॉक खोलल्यावर आतला पाईप गंजलेला निघाला (फोटो १ आणि २). ठरलेलं काम: ६,८००. जादा काम: १२ फूट सीपीव्हीसी पाईप आणि टाईल्स परत बसवणे. मटेरियल ३,९०० + मजुरी ३,५०० = ७,४००. नवीन एकूण: १४,२००. हे केलं नाही तर या नळाला पाणी सुरू करता येणार नाही. करायचं असेल तर 'मंजूर' लिहा, नको असेल तर 'नको' लिहा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी हे काम सुरू करत नाही."

यात पाच गोष्टी आहेत: काय निघालं, किती लागतील, नवीन एकूण किती, नाही केलं तर काय होईल, आणि नाही म्हणायची सोय. "नवीन एकूण" कधीही गाळू नका. ग्राहकाच्या डोक्यात जुना आकडा बसलेला असतो, तो बदलायला हाच आकडा लागतो.

*पायरी ६: "मंजूर" आल्याशिवाय हात लावू नका.* निळी खूण म्हणजे होकार नाही. मेसेज वाचून गप्प बसलेला माणूस मीटिंगमध्ये असेल, नाहीतर गाडी चालवत असेल. फोनवर होकार मिळाला तर लगेच लिहा: "आत्ता फोनवर तुम्ही ७,४०० च्या जादा कामाला हो म्हणालात, त्याप्रमाणे सुरू करतोय." व्हॉट्सॲपवर केलेला करारही चालतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ मध्ये तसं स्पष्ट आहे. फक्त चॅट डिलीट करू नका.

"पण साहेब, पाणी वाहत असेल तर?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. पाईप फुटलाय, खालच्या घरात पाणी जातंय, ग्राहक फोन उचलत नाही. अशा वेळी नुकसान थांबेल एवढंच करा. मेन व्हॉल्व्ह बंद करा, वायर जळत असेल तर मेन स्विच पाडा. फोटो काढा, वेळ लिहून मेसेज टाका, आणि ग्राहकाची वाट बघा. नुकसान थांबवणं वेगळं आणि कायमची दुरुस्ती वेगळी. दुसऱ्यासाठी मंजुरी लागतेच.

विचारलं तर आपण कच्चे दिसू का?

बऱ्याच नव्या मुलांना वाटतं, सारखं विचारलं तर ग्राहक म्हणेल याला काम येत नाही. उलट आहे. डॉक्टर ऑपरेशनआधी सही घेतो म्हणून आपण त्याला कच्चा म्हणत नाही. जो माणूस फोटो दाखवून, आकडा सांगून, "नको" म्हणायची मोकळीक देतो, त्याच्या हातात ग्राहक पुढच्या वेळी घराची किल्लीच देतो. आणि तुम्ही एक हेल्पर ठेवलात, मग दोन टीम केल्यात, की तुम्ही प्रत्येक साईटवर नसणार. तेव्हा ही पद्धतच तुमच्या जागी उभी राहते. हेल्परला पहिल्या दिवशी पाना द्याल, त्याच दिवशी हा मेसेजही शिकवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या सहा महिन्यांतली, पैसे कमी मिळालेली किंवा अडकलेली बिलं काढा. प्रत्येकाचे तीन ढीग करा. न विचारलेल्या कामापायी एकूण किती रक्कम गेली, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

२. वरचा मंजुरीचा मेसेज तुमच्या कामाप्रमाणे बदलून फोनमध्ये सेव्ह करा.

३. कोटेशनच्या कागदावर तीन ओळी वाढवा: काय धरलेलं नाही, किरकोळ खर्चाची मर्यादा, आणि जादा कामाला कोणाला विचारायचं.

पहिल्या प्रश्नाचा आकडा बहुतेकांना धक्का देईल. तो गेलेला पैसा परत येईलच असं नाही. पण उद्याच्या कामावर टाईल फोडायच्या आधी फोन खिशातून काढलात, तर त्या आकड्यात भर पडणार नाही.

कामाला लागा. भेटूया पुढच्या धड्यात.